दोन टप्प्यांचं रॉकेट किट : पैसे भरण्याआधी आत काय आहे ते बघा

या आठवड्याचा व्हिडिओ ज्यांनी पाहिला त्यांना विषय माहीत आहे. दोन टप्प्यांचं मॉडेल रॉकेट, त्याचं किट आणि त्यावर उभा राहू शकणारा छोटा धंदा. आकडे ऐकताना डोक्यात बसत नाहीत, कागदावर दिसले की बसतात. म्हणून व्हिडिओत घाईत सांगितलेलं इथे सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा.

विषय का घेतला? सध्या शाळांमध्ये विज्ञान प्रदर्शनाचं वातावरण चांगलं आहे. पालक खर्च करायला तयार आहेत. त्यामुळे 'स्पेस लॅब', 'रॉकेट वर्कशॉप' अशा नावांनी तालुक्याची एजन्सी देणारे लोकही फिरायला लागलेत. बोलणं साधारण असं असतं : पन्नास किट घ्या, साठ हजार भरा, मानोरा तालुका तुमचा, दिग्रस किंवा कारंजा हवं असेल तर वेगळे पैसे. सोबत मोबाईलवर एक झकास व्हिडिओ, त्यात रॉकेट आकाशात जाऊन दोन तुकडे होतात आणि वरचा तुकडा आणखी वर निघून जातो. तो व्हिडिओ खरा असतो, किटही बऱ्याचदा चांगलंच असतं. पण साठ हजार म्हणजे आपल्याकडे एका घरचा सोयाबीनचा हंगाम आहे. तेव्हा आधी त्या डब्यात काय असतं ते समजून घेऊ.

किटमध्ये काय असतं, आणि काय नसतं

डबा उघडला की जाड कागदाच्या दोन नळ्या दिसतात. एक लांब, ती वरच्या टप्प्याची. एक आखूड, ती खालच्या टप्प्याची, म्हणजे बूस्टरची. दोघींना जोडायला एक बारीक कागदी कपलर. प्लॅस्टिकचा किंवा लाकडाचा नोजकोन. बाल्सा नावाच्या अतिशय हलक्या लाकडाचे पंख. मोटर बसवायच्या छोट्या नळ्या आणि मोटर पुढे सरकू नये म्हणून आत चिकटवायची कडी. पॅराशूट, त्याला धरून ठेवणारं लवचिक रबर, पॅराशूट भाजू नये म्हणून मध्ये भरायचा न पेटणारा कागद. आणि बाहेरून चिकटवायची एक छोटी नळी, जी लाँच रॉडवर सरकते, म्हणजे उडताना पहिले तीन-चार फूट रॉकेट सरळ जातं.

हे जोडणं अवघड नाही. दहावीचा मुलगा दोन दुपारी नीट बसला तर होतं. दोनच गोष्टी जपायच्या. पंख चिकटवताना लाकडाच्या रेषा पंखाच्या पुढच्या कडेला समांतर ठेवायच्या, नाहीतर वाऱ्याच्या दाबाने पंख मुळापासून तुटतो. आणि सगळे पंख नळीला अगदी सरळ हवेत. एक पंख तिरपा असला की रॉकेट भिंगरीसारखं फिरतं आणि उंची खातं. फेविकॉल एकदम थापायचा नाही. पातळ थर, वाळू द्या, मग सांध्यावर दुसरा थर बोटाने ओढायचा. एवढं पुरतं.

आता डब्यात काय नसतं ते बघा. मोटर नसते! बहुतेक डब्यांवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की मोटर वेगळी घ्यावी. माझ्या मते या संपूर्ण धंद्याचं गुपित त्या एका ओळीत आहे.

मोटर म्हणजे बोटाएवढी कागदी नळी. आत घट्ट दाबलेली काळी दारू, खाली चिकणमातीचं नोझल. तिच्यावर 'सी६-७' असं काहीतरी छापलेलं असतं. पहिलं अक्षर मोटरमध्ये एकूण किती जोर आहे ते सांगतं : 'ए' म्हणजे २.५ न्यूटन-सेकंदांपर्यंत, 'बी' ५ पर्यंत, 'सी' १० पर्यंत, प्रत्येक अक्षराला दुप्पट. मधला आकडा सरासरी रेटा, न्यूटनमध्ये. शेवटचा आकडा सेकंदांचा : दारू संपल्यावर एक सावकाश जळणारा, धूर सोडणारा थर तेवढा वेळ जळतो, तोवर रॉकेट वेगाच्या जोरावर वर जात राहतं, आणि मग वरच्या बाजूला एक छोटा धमाका होऊन पॅराशूट बाहेर फेकलं जातं.

दोन टप्प्यांच्या रॉकेटमध्ये खालची मोटर असते 'सी६-०' सारखी. शेवटी शून्य. म्हणजे थांबणं नाही, पॅराशूटचा धमाका नाही. दारू वरपर्यंत जळत आली की तिचे तापलेले वायू आणि पेटते कण सरळ वरच्या मोटरच्या नोझलमध्ये शिरतात आणि ती पेटते. तिच्या दाबानेच खालचा टप्पा मागे फेकला जातो. दोन मोटरांना जोडून ठेवणारी गोष्ट काय, तर साध्या सेलोटेपचा एक वेढा. ना सर्किट, ना बॅटरी. मला ही रचना फार आवडते. कमी वस्तूंत एवढं काम करून घेणं ही मोठी गोष्ट आहे.

बुटांच्या दुकानदाराने काढलेला धंदा

मॉडेल रॉकेटचा इतिहास धंदा शिकणाऱ्याने वाचावा असा आहे. १९५४ मध्ये अमेरिकेत नेब्रास्का राज्यातल्या नॉरफोक या लहान गावात ऑर्व्हिल कार्लाइल नावाचा बुटांचा दुकानदार होता. त्याला दारूकामाचा छंद, भावाला विमानांच्या मॉडेलचा. दोघांनी मिळून वापरून टाकायची मोटर असलेलं, पॅराशूटने परत येणारं छोटं रॉकेट बनवलं. पुढे १९५७ च्या सुमारास हॅरी स्टाइन या रॉकेट क्षेत्रातल्या माणसाने एक लेख लिहिला. पोरं घरीच पाईपमध्ये दारू ठासून रॉकेट बनवतात आणि हात गमावून बसतात, असा त्याचा विषय. तो वाचून कार्लाइलने आपले नमुने त्याला पाठवले. स्टाइनने कोलोरॅडोतल्या डेन्व्हरला मॉडेल मिसाइल्स नावाची कंपनी काढली. त्याच वर्षी रशियाचा स्पुतनिक आकाशात गेला, पोरांना रॉकेटचं वेड लागलं आणि मागणी तुफान आली.

आणि कंपनी अडकली कुठे? नळ्या, पंख, डबे सगळं तयार. मोटर पुरत नव्हत्या. स्टाइन डेन्व्हरमध्ये फटाके बनवणारा शोधत गेला आणि त्याला व्हर्न एस्टेस भेटला. एस्टेसच्या घरचा फटाक्यांचा व्यवसाय. त्याने मोटर भरणारं यंत्रच बांधलं, त्याला नाव दिलं 'मेबल'. दर साडेपाच सेकंदांना एक मोटर! आता उलटं झालं. मेबल एवढ्या मोटर काढायला लागली की स्टाइनची कंपनी त्या घेऊ शकेना. मग एस्टेसने टपालाने स्वतःच मोटर आणि किट विकायला सुरुवात केली. मॉडेल मिसाइल्स काही वर्षांत बंद पडली. एस्टेस हे नाव आजही या क्षेत्रातलं सगळ्यात मोठं आहे.

किट एक पोरगं एकदा घेतं. मोटर प्रत्येक उड्डाणाला लागते, दोन टप्प्यांच्या रॉकेटला तर दोन. ज्याच्या हातात मोटर, त्याच्याकडे गिऱ्हाईक परत येतं. आपल्याकडे प्रिंटर स्वस्त आणि शाई महाग असते, तसंच.

मोठ्या रॉकेटांतही हेच दिसतं. २१ नोव्हेंबर १९६३ ला केरळात थुंबाहून आपलं पहिलं रॉकेट उडालं. ते होतं नायकी-अपाची, दोन टप्प्यांचं, नासाने दिलेलं. एका अर्थाने बाहेरून आलेलं किटच म्हणा, आपल्या लोकांनी इथे जोडलं आणि सोडलं. त्या पहिल्या फळीत पुण्याचे प्रमोद काळे होते, नासात प्रशिक्षण घेऊन आलेले. पण किट जोडता आलं म्हणून देश थांबला नाही. १९६७ मध्ये ७५ मिलिमीटर व्यासाचं स्वतःचं छोटंसं रोहिणी रॉकेट उडवलं. आणि खरी वर्षं गेली ती इंधनात. घन इंधनाचं ते काम ज्यांनी उभं केलं त्यांत पुण्याचे डॉ. वसंत गोवारीकर प्रमुख होते. १९८० च्या जुलैत एसएलव्ही-३ ने रोहिणी उपग्रह कक्षेत ठेवला तेव्हा तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक तेच होते. चार टप्प्यांचं रॉकेट, चारही टप्पे घन इंधनाचे.

तुमच्या हातात मोटर आहे का?

आता मुद्द्याचं. या मोटरमध्ये दारू आहे, म्हणजे ती कायद्याने स्फोटक आहे. स्फोटक अधिनियम १८८४ आणि स्फोटके नियम २००८ या दोघांखाली ती बनवणं, साठवणं, विकणं, आणणं या प्रत्येकाला परवाना लागतो. दिवाळीत पंधरा दिवस फटाक्यांचं दुकान लावायचं तरी कागदपत्रं घेऊन चकरा माराव्या लागतात, हे बाजारातल्या कोणालाही विचारा. या सगळ्याचं केंद्रीय कार्यालय म्हणजे पेसो, पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटना. तिचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. स्फोटक वस्तू टपालाने किंवा कुरिअरने पाठवता येत नाही.

म्हणून तुम्हाला कोणी दोन टप्प्यांचं किट विकायला आला तर पहिला प्रश्न मोटरचा. कुठली, बनवणाऱ्याचा परवाना कुठे आहे, माझ्या गावात ती ठेवायला आणि विकायला मला काय कागद लागतील, आणि हे सगळं मला लेखी देता का? 'मोटर कुरिअरने येतील, काही टेन्शन नाही' असं उत्तर आलं, की चहा पाजून वाटेला लावा. 'मोटर लोकल बघून घ्या' म्हणाला तर चहाही पाजू नका. कारण लोकल म्हणजे सुतळी बॉम्ब फोडून दारू काढायची आणि पाईपमध्ये ठासायची. हात, डोळा जातो. तुम्ही वर्कशॉप घेताय म्हणजे तो हात दुसऱ्याच्या लेकराचा असणार. फौजदारी गुन्हा दाखल होईल तो वेगळाच.

आपल्या भागाची आणखी एक अडचण आहे, जी अमेरिकेतल्या व्हिडिओत दिसत नाही. खालचा टप्पा पॅराशूटशिवाय पडतो. तो मुद्दाम तसाच ठेवलेला असतो. हलका आणि आखूड असल्याने गटांगळ्या खात हळू येतो. पण येतो तो गरम. ऑक्टोबरात आपल्या शेतात सोयाबीनच्या सुड्या लागलेल्या असतात, नंतर कुटाराचे ढीग, उन्हाळ्यात वाळलेली पऱ्हाटी आणि गवत. एका सुडीची किंमत काय असते ते मी तुम्हाला सांगायची गरज नाही.

मग दारूवर चालणारी मॉडेल रॉकेट आपल्या देशात कोणी उडवतच नाही का? उडवतात, परवानगीने आणि देखरेखीखाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये उत्तर प्रदेशातल्या कुशीनगर जिल्ह्यात इन-स्पेसने विद्यार्थ्यांची मॉडेल रॉकेट स्पर्धा घेतली, देशभरातून इंजिनिअरिंगचे संघ आले होते. तुमच्याकडचा एखादा हुशार मुलगा इंजिनिअरिंगला जाणार असेल तर त्याला हा रस्ता जरूर सांगा. पण ते कॉलेजांचं काम आहे. किराणा आणि स्टेशनरीच्या मधल्या गाळ्यातून करायचं नाही.

बदल करायचे तर कसे

इथे कोणी म्हणेल, सर, मग किट शिकवलं कशाला? कारण दोन टप्प्यांचं रॉकेट कसं बिघडतं हे कळलं की आपण जे विकणार आहोत ते नीट बनवता येतं. थोडं सोबत या.

प्रत्येक रॉकेटला दोन बिंदू असतात. एक तोल-बिंदू; बोटावर आडवं ठेवलं की जिथे तोल साधतो तो. दुसरा दाब-बिंदू, वाऱ्याचा सगळा दाब जणू ज्या जागी लागतो तो. तोल-बिंदू पुढे आणि दाब-बिंदू मागे हवा, आणि दोघांत निदान नळीच्या व्यासाएवढं अंतर हवं. वाऱ्याने रॉकेट तिरपं झालं तरी मागचे पंख त्याला पुन्हा सरळ करतात, मंदिराच्या कळसावरचा ध्वज वारा फिरेल तसा फिरतो तसं. बिंदू उलटे झाले तर रॉकेट शेपटी पुढे करायला बघतं आणि कुठेही जातं.

आता खाली बूस्टर लावा. मागच्या टोकाला आणखी एका मोटरचं वजन आलं, तोल-बिंदू मागे सरकला. म्हणून बूस्टरचे पंख नेहमी मोठे असतात, दाब-बिंदूलाही मागे ओढायला. कोणी दिसायला शोभत नाहीत म्हणून ते पंख छाटले, की खेळ संपला. आणि तपासणी दोनदा करायची : पूर्ण रॉकेटची वेगळी, एकट्या वरच्या टप्प्याची वेगळी. कारण हवेत गेल्यावर ते दोन वेगळे रॉकेट आहेत.

वजनाचंही तसंच. सी६ चा सरासरी रेटा ६ न्यूटन, म्हणजे ढोबळमानाने सहाशे ग्रॅम उचलण्याएवढा. नियम असा की रेटा वजनाच्या निदान पाचपट हवा. म्हणजे सगळं मिळून १२० ग्रॅमच्या आत. दोन मोटरांचेच जवळपास पन्नास ग्रॅम जातात. समजा किट शंभर ग्रॅमचं आहे आणि पोराने हौसेने ३० ग्रॅमचा कॅमेरा बसवला. १३० झालं. रॉकेट उडतं, पण सावकाश. रॉडवरून सुटताना पुरेसा वेग नसतो, पंखांना पकडायला हवा मिळत नाही, ते तिरपं होतं. एक टप्प्याचं असतं तर तिरपं जाऊन पडलं असतं. दोन टप्प्यांचं असेल तर तिरपं झाल्यावरच दुसरी मोटर पेटते, आणि पहिल्या टप्प्याची थोडीशी चूक दुसरा टप्पा पूर्ण ताकदीने शेजारच्या वावरात घेऊन जातो.

टप्प्यांच्या मधल्या जागेतही गंमत आहे. कोणाला बूस्टर लांब करायचा असतो, मग दोन मोटरांमध्ये रिकामी जागा राहते. वाटतं की गरम वायू जाईल तिथपर्यंत. पण त्या जागेत थंड हवा अडकलेली असते. ती गरम वायूच्या आधी दाबली जाते आणि वरची मोटर पेटायच्या आधीच टप्पे अलग करते. उपाय साधा : वरच्या बाजूला नळीला एक-दोन छोटी भोकं, हवा निघून जायला. पैसा खर्च नाही, फक्त कारण माहीत हवं. एसएलव्ही-३ चं पहिलं उड्डाण १० ऑगस्ट १९७९ ला फसलं, तेही दुसऱ्या टप्प्यावरच. तिथल्या नियंत्रण यंत्रणेच्या एका झडपेतून आम्ल गळलं आणि रॉकेट बंगालच्या उपसागरात गेलं. पहिला टप्पा ठीक चालला होता.

म्हणून बदलाची शिस्त : एका वेळी एकच गोष्ट बदला, वजन करा, तोल-बिंदू पेन्सिलने मार्क करा, वहीत लिहा, मग उडवा. कॅमेरा, मोठे पंख आणि लांब नळी एकाच दिवशी केली तर काय कशामुळे झालं ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही. उडवण्याआधी एक स्वस्त चाचणी आहे. तोल-बिंदूवर दोरी बांधून रॉकेट डोक्याभोवती गोल फिरवायचं. टोक पुढे ठेवून फिरलं तर ठीक. आडवं-तिडवं फिरलं तर टोकात थोडी माती भरून वजन वाढवा आणि पुन्हा बघा.

मानोऱ्यात काय विकता येईल

दारूशिवायचा धंदा. दोन वस्तू.

पहिली, फुग्यांचं दोन टप्प्यांचं रॉकेट. जगभर शाळांमध्ये करतात. कागदी कपाची एक कडी कापायची. पुढचा लांब फुगा फुगवून त्याचं तोंड त्या कडीतून ओढून घ्यायचं. मग दुसरा फुगा त्याच कडीत घालून फुगवायचा. तो फुगला की पहिल्याचं तोंड कडीवर दाबून बंद ठेवतो. दोन्ही फुगे स्ट्रॉला टेपने चिकटवायचे आणि वर्गाच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत ताणलेल्या तंगुसावर सोडायचे. मागचा फुगा रिकामा होत जातो, दाब कमी होतो, पुढच्याचं तोंड सुटतं आणि तो पुढे पळतो. बूस्टर रिकामं झाल्यावरच दुसरा टप्पा सुरू होतो, ही गोष्ट पाचवीचं पोरगंही डोळ्यांनी बघतं. आधी घरी वीसेक वेळा करून हात बसवा, कारण कडीचा माप चुकला तर दोन्ही फुगे एकदम सुटतात आणि वर्ग हसतो.

दुसरी, पाण्याचं रॉकेट. इथे नियम कडक आहेत. बाटली कोल्ड्रिंकचीच, दोन लिटरची. साध्या पाण्याची पातळ बाटली दाब घेत नाही. ओरखडा असलेली फेकायची. तिच्यावर गरम ग्लू गन लावायची नाही, प्लॅस्टिक कमजोर होतं. पाणी एक-तृतीयांश. पंप गेज असलेलाच, आणि शाळेत ५० पीएसआयच्या वर जायचं नाही, कोणी कितीही 'सर अजून थोडं' म्हटलं तरी. नवी बाटली आधी पूर्ण पाण्याने भरून ७५ पर्यंत तपासायची. पाणी भरलेली फुटली तर नुसती चिरते, हवा भरलेली फुटली तर उडते. सोडायची दोरी दहा मीटर लांब, मुलं त्याहून मागे, दाब भरणाऱ्याच्या डोळ्यांवर चष्मा. पंख जाड प्लॅस्टिक शीटचे, टोकात मातीचा गोळा, आणि दोरीने फिरवून बघायची चाचणी इथेही तीच. पाण्याचंही दोन टप्प्यांचं रॉकेट होतं, पण त्याची कडी जमायला वेळ लागतो. वर्षभर एकटप्पी उडवल्याशिवाय शाळेत नेऊ नका.

आता हिशोब. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या बाजारभावाने बदला. चाळीस मुलांची शाळा, प्रत्येकी ६० रुपये, जमा २,४००. फुग्यांचं सामान मुलामागे १२ रुपये, म्हणजे ४८०. पाण्याचं रॉकेट पाच मुलांत एक, आठ संच, संचाला ४० रुपये, ३२०. पेट्रोल १५०. मदतीला एक पोरगा, ४००. पंप, गेज आणि लाँचर तीन हजारांचं, तीस वर्कशॉप चालेल असं धरा, एका वेळचे १००. एकूण खर्च १,४५०. उरले ९५०.

थांबा, खूश होऊ नका. तुम्ही एक दिवस वर्कशॉपला दिला आणि अर्धा दिवस मुख्याध्यापकांना भेटायला. तुमची मजुरी यात कुठे आहे? दर मुलामागे खर्च १२ आणि ८, म्हणजे २०, हातात ४०. पेट्रोल, मदतनीस आणि झीज मिळून ६५०, मुलं कितीही असोत. १७ मुलं झाली की हा खर्च निघतो. त्यात तुमचे ६०० रुपये धरले तर ३२ मुलं लागतात. म्हणून पंचवीस मुलांची शाळा बोलावत असेल तर शेजारच्या गावची शाळा त्याच दिवशी जोडा, नाहीतर नम्रपणे नाही म्हणा. मी बऱ्याच जणांना पाहिलंय, ओळखीच्या सरांना नाही म्हणता येत नाही आणि पेट्रोल खिशातून जातं.

आणि एस्टेस आठवा. वर्कशॉप एकदा होतं. घरी गेल्यावर पोराला पुन्हा उडवायचं असतं. तेव्हा २८ रुपयांचं सामान भरलेलं ४९ रुपयांचं पाकीट तयार ठेवा : लांब फुगे, दोन कड्या, स्ट्रॉ, तंगूस, मराठीत छापलेला एक कागद. चाळीसातल्या पंधरा जणांनी घेतलं तर ३१५ रुपये आणखी. त्याहून महत्त्वाचं, कागदावर तुमच्या दुकानाचं नाव असेल आणि फुगे संपल्यावर तो मुलगा वडिलांना घेऊन तिथेच येईल. मानोऱ्याला लांब फुगे सहज मिळत नाहीत, वाढदिवसाचे गोल मिळतात. आणि गोल फुग्यावर ही कडी नीट बसत नाही. फुगे अमरावती-अकोल्याहून घाऊक आणावे लागतात. ही लहानशी अडचण तुमच्या फायद्याची आहे.

शाळेत जाताना मुख्याध्यापकांकडून लेखी पत्र घ्या, मैदान कोणतं आणि किती वाजता ते त्यात हवं. वारा सकाळी कमी असतो, म्हणून पहिला तास मागा. ज्या दिवशी वारा जोरात असेल त्या दिवशी बाहेरचा भाग रद्द करून फुग्यांवर भागवायचं, हे पत्रातच लिहून ठेवा म्हणजे वाद नको.

पुढच्या व्हिडिओत लाँचर बनवून दाखवतो : टायरवाल्याकडचा जुना व्हॉल्व्ह, रबरी बूच आणि लोखंडी पट्टी. तोवर दोन लिटरच्या पाच-सहा बाटल्या जमवून ठेवा. लग्नसराई चालू आहे, मंगल कार्यालयाच्या मागे मिळतील. धुवून, ओरखडे बघूनच घ्या.